धूर कोणाचा

दुर्गाबाई नवऱ्याशी बोलत नव्हती त्याला दोन वर्षं झाली होती. भांडण म्हणाल तर तेही नाही. जेवायला बोलवायचं तर सुनेला म्हणायची, "सीमा, त्याइले सांग, ताट वाढलं." नत्थुजी समोरच बसलेला असला तरी निरोप सुनेच्या तोंडूनच जायचा. आणि हा नत्थुजी तरी काय कमी? तोही सुनेलाच म्हणायचा, "आलो म्हना." बिचाऱ्या सीमाचा पार पोस्टमन झाला होता.

कारण काय, तर बिडी. दुर्गाबाईला दम लागायचा. नळावरून पाण्याचा गुंड आणायचा तर वाटेत टेकावं लागायचं. अमरावतीच्या एका डॉक्टरनं छातीला नळी लावली न लावली आणि विचारलं, "घरात बिडी कोण ओढतं?" झालं! बाईनं नवऱ्याकडे बोट केलं. डॉक्टर म्हणाला, मग आणखी काय शोधायचं? त्या दिवसापासून तिचं तोंड बंद झालं. नत्थुजीनं त्याच संध्याकाळी बिडीचं बंडल उकिरड्यावर फेकलं, तरी ती बोलली नाही.

सुरुवातीला त्याला फार वाईट वाटलं. मग वाईट वाटणंही थांबलं. बोंडअळीनं लागोपाठ दोन सालं कापूस खाल्ला तेव्हापासून गावच तसं झालं होतं. माणसं पारावर बसायची आणि न बोलता उठून जायची. नत्थुजी वावरात जायचा, यायचा, जेवायचा, झोपायचा. एकच गोष्ट त्याच्या मनाला चिकटून राहिली होती. हिचा दम माझ्या बिडीचा आहे का? कोणीतरी जाणत्यानं 'नाही' म्हणावं, म्हणजे ती बोलेल, एवढीच त्याची आशा.

म्हणून बडनेऱ्याला कामाला असलेल्या पोरानं, किशोरनं, अकोल्याच्या डॉक्टर यास्मीनचं नाव सांगितलं, तेव्हा त्यानं दुसऱ्याच दिवशी दुर्गाबाईला घेऊन बस पकडली.

यास्मीन मॅडमनी दुर्गाबाईच्या तोंडात एक नळी दिली आणि मशीनमध्ये फुंकायला लावलं. "फुंका, फुंका, अजून फुंका!" बाई घामाघूम झाली.

"फुप्फुसातल्या नळ्या आकसल्यात," मॅडम म्हणाल्या. "पण कशानं, ते बघू. या आजाराचे आम्ही कारणावरून प्रकार पाडतो. कोणाचा बिडी-तंबाखूचा, कोणाचा धुराचा, कोणाचा जुन्या टीबीचा, कोणाचा दम्यातून आलेला, कोणाचा जन्मापासूनचा. काहींचा कशाचा ते कळतच नाही. तुम्हाला टीबी झाला होता?"

"नाई."

"लहानपणी दमा?"

"कायचा दमा! वावरभर पळत होती मी."

"हे बिडी कुठं ओढायचे?"

नत्थुजीनं गुडघे घट्ट धरले.

"ओसरीवर," दुर्गाबाई भिंतीकडे पाहत म्हणाली. "घरात मी ओढूच देत नोती."

"आणि स्वयंपाक?"

"चुलीवर. कापसाची पऱ्हाटी जाळतो. मायजवळ बसून शिकली तवापासून चुलीपुढंच हाय. खिडकी नाई, धूर कौलातून जाते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग हा चुलीचा. बिडीनं थोडी भर घातली असेल, पण मूळ दुखणं चुलीचं. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. औषधानं दम कमी होईल. पण धूर बंद करायचा, काका. आजपासून."

सुटलो, असं त्याला वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की वाळलेली पऱ्हाटी मुळासकट उपटून, बैलबंडीत भरून घरी कोण आणत होतं? तोच. ज्या साली कापूस गेला त्या सालीही पऱ्हाटी भरघोस निघाली होती. आमच्या घरच्या बाईला सरपणाला हिंडावं लागत नाही, असं तो पारावर छाती फुगवून सांगायचा. घरात गॅस होता, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. एरवी शेगडीवर सीमानं विणलेला रुमाल असायचा.

परतीच्या बसमध्ये दुर्गाबाई खिडकीतून बाहेर पाहत राहिली. एकदा तरी म्हणेल, 'तुमची बिडी नोती तर,' असं त्याला वाटत होतं. शेवटी त्यानं वाट पाहणं सोडलं.

घरी पोचले तेव्हा सीमा चुलीपुढं वाकून फुंकणीनं जाळ करत होती. मागच्या भिंतीला पऱ्हाटीची गंजी छपरापर्यंत टेकलेली. सीमा खोकली. पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा खोकली.

"सीमा, ऊठ तिथून!"

"मामाजी, भाकरी व्हायच्या हायेत."

"राहू दे भाकरी! ऊठ म्हनतो ना!"

नत्थुजीचा एवढा मोठा आवाज घरानं कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. त्यानं तांब्यातलं पाणी चुलीत ओतलं. रुमाल ओढून काढला, शेगडी चुलीच्या जागेजवळ आणून ठेवली. काडेपेटी मात्र त्याला सापडेना.

दुर्गाबाई उंबऱ्यावर टेकून दम खात होती. तिनं आधी सुनेकडे पाहिलं, मग सरळ नवऱ्याच्या तोंडाकडे.

"हिचा खोकला बरा लवकर ऐकू आला तुमाले," ती म्हणाली.

नत्थुजीनं सवयीनं सीमाकडे पाहिलं. पण हा निरोप नव्हता. आता उत्तर त्यालाच द्यायचं होतं.