रोपातली वाट

“वाच गजा, परत वाच,” बद्रुद्दीनने सांगितले, आणि गजाने खाकरून घसा साफ केला.

चौक गावाला हमरस्त्याच्या कडेला बद्रुद्दीनचे चहाचे हॉटेल होते आणि शेजारी गजाचे पंक्चरचे दुकान. त्या सकाळी दुकान वाऱ्यावर सोडून गजा पेपर घेऊन हॉटेलातच बसला होता.

“‘छातीवर गोळ्या झेलत शत्रूच्या मशीनगनवर झेप घेणारा कोकणचा वाघ, सॅपर शकूर! मरण्यापूर्वी त्याने सात शत्रू लोळवले, असे त्याचा जिवलग सोबती कान्हा ठोंबरे याने भरल्या डोळ्यांनी सांगितले.’”

जिवलग सोबती नेमका तेव्हाच दारात येऊन उभा राहिला. फौजेतून दोन महिन्यांच्या रजेवर आलेला, लुंगी नेसलेला, हातात दुधाची बरणी. ती त्याने टेबलावर अशी आपटली की दूध बाहेर आले.

“मी कंदी सांगितलं?”

“छापलंय की तसं,” गजा म्हणाला. “तुजं नाव पन हाय.”

कान्हाने पेपर ओढून घेतला आणि उभ्याउभ्याच वाचला. एका मैलावरून दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत खोटे छापले होते. आतल्या पानावर आणखी एक फोटो होता. बांगलादेशातल्या एका नदीवरच्या पुलाची फीत कोणी मंत्री कापत होता, आणि खाली लिहिले होते, ‘नव्या देशाची उभारणी वेगात’. हा पूल कान्हाने लगेच ओळखला. जानेवारीच्या थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्याच्या सॅपर पलटणीने तो उभा केला होता. फोटो काढायच्या आधी सुभेदाराने सगळ्यांना बाजूला केले होते, कारण कपडे चिखलाने भरले होते.

हे लिहिणारा वार्ताहर मुंबईहून पुण्याला चालला होता. गाडी गजाकडे पंक्चर झाली आणि गजाने बढाई मारली की आमच्या गावात बांगलादेशातून आलेला जवान आहे. झाले. साहेब खुर्ची टाकून बसले. कान्हाने त्यांना सगळे सांगितले, अगदी मनापासून सांगितले. लढाई संपल्यावर काय काय करावे लागले ते. विहिरींत प्रेते टाकलेली होती, ती काढून पाणी उपसले. मोडलेल्या पुलांना तात्पुरते सांधे घातले. आणि सुरुंग. शेतांत, पायवाटांवर, नदीच्या उतारांवर पेरलेले सुरुंग. ते निघेपर्यंत माणसांना नांगर धरता येईना. सळईने जमीन टोचत, पोटावर सरकत, त्यांनी ते एकेक काढले. साहेब मान डोलवत होते, मधूनमधून घड्याळ बघत होते. त्यांनी एकच गोष्ट परत परत विचारली, “पण प्रत्यक्ष चकमकीत किती मारले?” कान्हा म्हणाला, “साहेब, आमी बांधनारी पलटन.” ते सगळे सोडून साहेबांनी आपल्या मनाने लिहिले.

“चाचा, तुमाला मी सांगितलंय शकूर कसा गेला ते,” कान्हा बद्रुद्दीनला म्हणाला. “तुमाला ठावं हाय.”

बद्रुद्दीन गल्ल्यामागे बसून होता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

“ठावं हाय,” तो म्हणाला. “पन लोकांना काय ठावं होतं? लढाई संपली डिसेंबरात, माझा पोरगा गेला जानेवारीत. लोक म्हनले, लढाईत कुठं मेला, पाय घसरून मेला. कोन तर असं पन म्हनला का शकूर म्हनजे तिकडचाच, त्याचं काय सांगावं. माझ्याच हॉटेलात, माझाच चा पिऊन म्हनला. आज बघ, तोच मानूस सकाळी येऊन माझ्या हाताला हात लावून गेला.”

 कान्हाचे रक्त तापले होते, पण कोणावर तापावे तेच कळेना. दुपारपर्यंत बद्रुद्दीनने तो कागद काचेत बसवून भिंतीला लावला. येणारे-जाणारे ट्रकवाले तो वाचू लागले, आणि काही जण चहाचे पैसे देताना आदराने मान लववू लागले.

चार दिवसांनी शकूरच्या आईने, शहाजादीने, कान्हाला मागच्या अंगणात बोलावून घेतले. ती तांदूळ पाखडत होती. तिला वाचता येत नव्हते, पण गजाचा आवाज घरात ऐकू यायचा.

“कान्हा, सात मानसं मारली रं माझ्या पोरानं?”

“नाय चाची. एक पन नाय.”

“मग सगळे का म्हनतात? काल ती मोतीबाई आली, म्हनं तुझ्या पोरानं सात जन कापले, नशीब काढलंस. सात आयांची पोरं ती. मला जेवन गेलं नाय.” तिने सूप खाली ठेवले. “तू मला ते रोपाचं सांगितलंस ना, त्यावर मी जगते. ते आता कुनी सांगतच नाय. तू पन गप.”

तू पन गप, हे शब्द कान्हाला चपराकीसारखे लागले. खरेच होते. शकूरच्या म्हाताऱ्या बापाची मान ताठ झाली ती खाली जाऊ नये म्हणून तो गप्प बसला होता, आणि त्या गप्प बसण्याने शकूर दुसऱ्यांदा जात होता.

पुढच्याच रविवारी साहेबांची गाडी पुन्हा आली. लेख वाचकांना फार आवडला होता. आता वीरपित्याचा फोटो हवा होता, म्हणून बरोबर फोटोग्राफर आणला होता. हॉटेलामागे बद्रुद्दीनचे थोडे भाताचे शेत होते आणि कोपऱ्यात पालापाचोळ्याचा राब भाजून पेरलेले भाताचे रोप हातभर वर आले होते, हिरवेगार. साहेबांना मागचा डोंगर फोटोत यायला हवा होता. बद्रुद्दीनने धुतलेला सदरा घातला आणि काचेतला कागद छातीशी धरून तो शेतात उभा राहिला. गजा आणि पाचपन्नास माणसे बांधावर जमली. शहाजादी मागच्या दारात होती.

“साहेब,” कान्हा पुढे झाला, “तुमी खोटं छापलं.”

“अहो ठोंबरे, थोडं खुलवून लिहावं लागतं. विहिरी उपसल्या, पूल सांधले, हे कोण वाचणार? त्यात थरार काय?”

“थरार?” कान्हाचा आवाज चढला. राग लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. “तर ऐका आता, सगळ्यांनीच ऐका. एका शेतातनं विहिरीपर्यंत आमी वाट साफ केली. दोन्ही अंगाला पांढरी फीत बांधली. फितीच्या आत पाय टाकायचा, भायेर नाय, हा हुकूम. ती वाट मधी एका रोपातनं गेली होती. त्या शेतकऱ्याचं घर जळलेलं, बैल गेलेला. उरलं होतं तेवढं रोप. जाताना आमी सरपटत गेलो तवा थोडं चिरडलं. येताना शकूर उठून चालत येत होता. रोपापाशी आला, नि थांबला. रोपात पाय देऊ का, असं त्याच्या तोंडावर मला दिसलं. मी वरडलो, फितीतनं ये. पन त्याचा पाय आपसूक फितीभायेरच्या बांधावर गेला. बांधातच पेरला होता सुरुंग, कारन मानूस बांधावरनंच चालतो हे पेरनाऱ्याला ठावं होतं. शकूरला पन ठावं होतं. त्यानंच मला शिकवलं होतं. तरी गेला पाय.”

 बांधावर उभ्या असलेल्या माणसांपैकी कितीतरी जणांनी नकळत स्वतःच्या पायांकडे बघितले. जन्मापासून त्यांच्यातल्या कोणी रोपात पाय दिला नव्हता.

“बरं, हेही छापू कधीतरी,” साहेब म्हणाले. त्यांना उशीर होत होता. “आधी फोटो घेऊ. उजेड चांगला आहे.”

फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून मागे सरकू लागला. एक पाऊल, दुसरे पाऊल. डोंगर अजून फोटोत मावत नव्हता. त्याचा बूट रोपाच्या कडेला टेकला आणि चार काड्या आडव्या झाल्या.

“साहेब,” बद्रुद्दीन एकदम म्हणाला, “रोपात पाय नका देऊ. बांधावरनं चला.”

म्हणाला आणि तसाच राहिला. त्याच्या तोंडून काय निघाले ते त्याच्या कानांनी ऐकले.  फोटोग्राफर घाईघाईने बांधावर चढला, कॅमेरा नीट धरून म्हणाला, “हां चाचा, आता कागद जरा वर धरा.”

बद्रुद्दीनने कागद वर धरला नाही. त्याने काच पालथी करून बांधावर ठेवून दिली, आणि तो रोपाशी गुडघे टेकून त्या चार काड्या एकेक करून उभ्या करू लागला. शहाजादी दारातून उतरली, बांधाबांधाने आली आणि त्याच्या शेजारी बसून काड्यांच्या बुडाशी चिखल दाबू लागली.