तहान नसलेलं चामडं

आमचे सासरे माणूस सोन्यासारखे, पण हाताला काम नसलं की त्यांना अन्न गोड लागत नाही. जन्मभर त्यांनी हाताने बूट आणि चपला शिवल्या. नजर थकली, टाके वाकडे पडायला लागले, तेव्हा त्यांनी आपणहून दुकान बंद केलं आणि रोज सकाळी माझ्याबरोबर माझ्या दुकानात यायला लागले. मी गाड्या आतून स्वच्छ करून देते. सीट, स्टिअरिंग, दारांची अस्तरं, सगळं. त्यांना मी एक खुर्ची दिली आणि म्हटलं, बाबा, तुम्ही आपलं गिऱ्हाइकांशी बोलत बसा. ते बसतील असं मला वाटलं, हा माझा भोळेपणा.

पुढे एक दिवस भाड्याने गाड्या देणारे साहेब तणतणत आले. त्यांच्या सगळ्या गाड्या माझ्याकडेच यायच्या, माझं दुकान चालायचं ते त्यांच्या जिवावर. नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या एका प्रवाशाच्या पांढऱ्या शर्टावर, बरोब्बर पाठीवर, त्यांच्या सीटचा तेलकट डाग उमटला होता.

"बाई, तुमच्याकडून गाडी नेली की आठवडाभरात सीट काळी पडते. आणि आता हे! कोण काय फासतंय ते शोधा आणि त्याला काढा. नाहीतर मी माझ्या गाड्या दुसरीकडे नेतो."

आता काढू कोणाला? काम करणारी मी एकटी. मी क्लीनर बदलला, क्लीनर विकणाऱ्याशी कडाकडा भांडले, फडकी उकळून काढली. सीट पुन्हा चिकट ती चिकटच. काखेत कळसा असताना मी गावाला वळसा घालत होते, दुसरं काय!

एका दुपारी मागे फडकी धुवायला गेले आणि साबण विसरला म्हणून लगेच परत आले. बघते तर बाबा मागच्या सीटपाशी गुडघे टेकून बसलेले. शेजारी त्यांची बुटांच्या दुकानातली जुनी डबी, तेल आणि मेणाची. बोटाला चिंधी गुंडाळून ते गोल गोल चोळत होते आणि मजेत गुणगुणत होते.

"बाबा! हे काय चाललंय?"

"शेवटचा हात देतोय," ते म्हणाले. "तू पुसतेस छान, पण चामडं कोरडंठाक ठेवतेस. त्याला चमक कुठून येणार? म्हणून रोज जरासं."

"रोज?"

"तू मागे गेलीस की."

माझं डोकं तडकलं. दुसरं कोणी असतं तर डबीसकट बाहेर काढलं असतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणतो, "तूच सांग ना, तुझं ऐकतात ते." माझं ऐकत असते तर ही वेळ आली असती का?

बोलून पटणारं हे प्रकरण नव्हतं. मी वाटीत पाणी घेतलं. त्यांनीच शिवलेली त्यांची चप्पल मागितली आणि आतल्या कोऱ्या चामड्यावर एक थेंब सोडला. थेंब बघता बघता आत मुरला, तेवढी जागा काळपट झाली. दुसरा थेंब मी दुसऱ्या गाडीच्या सीटवर सोडला, तिला अजून त्यांचा हात लागला नव्हता. तो तसाच उभा राहिला. बाबांनी चष्मा पुढे ओढला, वाकून पाहिलं, नखाने थेंबाला ढकललं. थेंब घसरून गेला, खाली सीट कोरडी.

"यावर रंग आहे, बाबा, आणि रंगावर पातळ पारदर्शक थर. कारखान्यातूनच येतो. तेल आत जातच नाही. वर बसून राहतं, धूळ धरतं आणि माणसांच्या कपड्यांना लागतं."

मग त्यांनी चोळलेल्या सीटवर मी मऊ ब्रशने फेस फिरवला आणि पांढऱ्या फडक्याने पुसलं. फडकं मळकट तपकिरी झालं. ते त्यांच्यासमोर धरायला नको होतं मी.

"म्हणजे याला तहानच नाही," ते हळूच म्हणाले. "आणि मी आपला पाजत बसलो."

डबी त्यांनी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, गुडघा दुखतोय. त्यानंतर पाठ. मग कारण सांगायचंही बंद झालं. साहेबांना मी सांगितलं की जुना क्लीनर खराब होता, आता बदललाय. त्यांनी मान डोलावली. "सुंठीवाचून खोकला गेला," नवरा म्हणाला, आणि मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू! बाबा दिवसभर गॅलरीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे, जसे ते हात दुसऱ्या कोणाचे असावेत. ताटात अर्धं अन्न राहायचं. स्वतःच्या चपलांनासुद्धा त्यांनी हात लावला नाही. माझ्या जिवाला ते लागून राहिलं. दुकानात मलाही करमेना. ज्यांच्या गुणगुणण्याला मी कंटाळायची, त्यांच्यावाचून मला सुनं वाटत होतं.

शेवटी मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. "उद्या दुकानात चला."

"नको. सुनेने दया म्हणून बसवून ठेवलेला म्हातारा व्हायचं नाही मला."

"दया करायला मला सवड आहे होय? बसायला बोलवत नाहीये मी. शिकायचं असेल तर या. चुकलात तर ओरडेन."

"तू तशीही ओरडतेसच," ते म्हणाले. पण सकाळी माझ्याआधी तयार होऊन दारात उभे होते.

बूट घासलेला हात, जड पडायचा. "जोर नको, बाबा, सीट आहे ती, टाच नाही!" मी दिवसभर ओरडायची. फेस आधी ब्रशवर घ्यायचा, शिवणीतून हळू काढायचा, वाळायच्या आत पुसायचा, सगळं ते शिकले. शेवटी लावायचा संरक्षक थर मात्र मी माझ्याच हातात ठेवला. जीन्सचा निळा रंग आणि घाम तो अडवतो, पण जरा जास्त झाला की सीट पुन्हा चिकट.

"आणि चमक?" त्यांनी एकदा विचारलं.

"नवी सीट चमकत नाही. चमकायला लागली की समजायचं, मळली." हे मात्र त्यांच्या फार जिव्हारी लागलं. माणूस जन्मभर चमकेवर जगलेला.

एक दिवस साहेब वेळेआधीच गाडी न्यायला आले. त्यांनी सीटवरून हात फिरवला, बोटं बघितली. "आता कसं! क्लीनर बदललात ते उत्तम केलंत."

मी गाडीची किल्ली पुढे केली. विषय तिथेच मिटला असता. पण मागच्या दारातून बाबा हात पुसत बाहेर आले.

"क्लीनर चांगलाच होता, साहेब. तेल मी लावत होतो, हिच्या पाठीमागे. हिने माझी चूक झाकली."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि तरी हे इथेच?"

"मी इथे नवीन आहे," बाबाच म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "शिकतोय हिच्याकडे. पुसायला देते, वरचा थर लावायला अजून देत नाही. बरोबर आहे तिचं."

साहेब माझ्या उत्तराची वाट बघत होते. त्याला काढा, नाहीतर गाड्या नेतो, हे त्यांचे शब्द मी विसरले नव्हते. मी फळीवरून संरक्षकाची बाटली आणि स्पंज काढला आणि बाबांच्या हातात दिला.

"ही सीट तुम्ही लावा, बाबा. साहेब थांबतील."

साहेबांनी घड्याळ बघितलं, एक उसासा सोडला आणि गाडीला टेकून उभे राहिले.

बाबांनी स्पंजवर थेंब सोडले. एक थेंब जास्तच पडला, तसे ते घाबरून माझ्याकडे बघायला लागले.

"असू द्या," मी म्हटलं. "सीट मोठी आहे."