सगळ्यांची जागा

गल्लीच्या तोंडाशी बंद पडलेलं लाँड्रीचं दुकान शेजाऱ्यांनी मिळून कॅफेसाठी घेतलं, तेव्हा भिंती घासण्यापासून सगळ्यात ती पुढे होती. नवऱ्याचं घर सोडून नुकतीच बहिणीकडे आली होती. हाताला काम हवं होतं. तिथले पाव तिच्या हातचे. लोक येत, पत्ते कुटत, गाऱ्हाणी सांगत. तिचाही जीव रमला.

मग एका सकाळी नवरा आला. गुमान कॉफी घेऊन खिडकीशी बसला, कप स्वतः विसळला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिच्याशी अवाक्षर नाही. नुसतं बघत राहायचं. घरीही तो असाच बघायचा, दार उघडायला उशीर झाला की, तिचा फोन वाजला की. हात कधी उगारला नव्हता, त्यामुळे कुणाला सांगावं असं तिच्याकडे काही नव्हतं.

हळूहळू त्याने गळका नळ नीट केला, म्हाताऱ्या शिंपीणकाकूंचा चष्मा दुरुस्त करून आणला. सगळे त्याच्यावर खूश.

शेवटी तिने कॅफेचं बघणाऱ्या मास्तरांना गाठलं. त्याचं येणं बंद करा, म्हणाली. मास्तरांनी विचारलं, काही बोलला का, त्रास दिला का.

"बघतो," ती म्हणाली.

मास्तर अवघडले. "अगं, बघतो म्हणून माणसाला बाहेर कसं काढायचं? जागा सगळ्यांची आहे."

तिने पुढचं काम सोडलं आणि मागचं स्वयंपाकघर धरलं. तिथे त्याची नजर पोचत नव्हती. जाऊच नकोस, बहीण म्हणाली. पण त्याच्यापायी हेही सोडायचं? ती हट्टाने जात राहिली.

काही दिवस बरे गेले. एकदा ती पीठ मळत असताना मास्तर खुशीत आत डोकावले. भांड्यांना माणूस मिळाला, म्हणाले. त्यांच्या मागे तो उभा होता, बाह्या सरसावून, गळ्यात एप्रन.

मास्तरांनी जाताना दार ओढून घेतलं. ओटा आणि बेसिन यांच्यामध्ये दाराकडे जायला जेमतेम एका माणसाची वाट. तिथेच तो उभा राहिला आणि एकेक कप पुसू लागला.

"पाव छान होतात तुझे," तो म्हणाला. "घरी कधी केले नाहीस."

बाहेर पत्त्यांचा डाव रंगला होता. पीठ केव्हाच मळून झालं होतं. ती मळतच राहिली.