चार आगींचं अक्षर

मी एक जुनं चिनी अक्षर आहे. जुनं आहे, पण रुबाब बघा माझा! 'आग' हे अक्षर दोनदा वर आणि दोनदा खाली लिहा, की झालो मी तयार. माझा उच्चार 'यी' आणि अर्थ भडकलेल्या ज्वाळा. शब्दकोशाच्या शेवटच्या पानांत मी नुसता लोळत पडलो होतो, मित्रांनो! मला कुणी विचारत नव्हतं.

मग ल्यूयांगजवळच्या एका फटाक्यांच्या गावात, थान घरात मुलगी झाली. ज्योतिषी म्हणाला, "हिच्या पत्रिकेत आगच नाही. नावात तरी एक घाला." तिच्या बाबांनी मला हुडकून काढलं. "एक कशाला? माझ्या पोरीला चार आगी देतो!"

आजी कडाडली, "घरात फटाक्यांची दारू, आणि तू आगीला आवतण देतोस, मेल्या?"

शाळेत बाई हजेरी घेताना अडखळल्या. "थान... आग-आग-आग-आग?" वर्ग खदखदला. मधल्या सुट्टीत पोरांनी तिच्या डोक्यावर बाटली उपडी केली. "विझवा रे हिला!" तिला माझा राग यायचा. पण संध्याकाळी बाबा ओट्यावरून खणखणीत हाक मारायचे, "यी!" आणि ती धावत सुटायची. तेव्हा मी काय फुगायचो म्हणून सांगू!

दारू भरायच्या खोलीत फक्त सुती कपडे घालायचे, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. तरी एका कोरड्या हिवाळ्यात काका नायलॉनचं जाकीट घालून आला. दारातच त्याने ते ओढून काढलं. चट्‌चट् ठिणग्या उडाल्या. बाबा आत होते. काकाच्या फक्त भुवया जळल्या.

आजी आणि यी, दोघी अंगणातून बघत होत्या.

तिथे बापाच्या थडग्यावर लेकरांची नावं कोरतात. पाथरवटाने मला खोल कोरलं, लाल रंग भरला. इतका देखणा मी कधीच दिसलो नव्हतो!

"बुजव ते," आजी म्हणाली. "त्यानेच गिळलं माझ्या लेकाला."

"आजी, काकांचं जाकीट..."

खाडकन थोबाडीत बसली. "आता तो एकच लेक उरलाय मला. पुन्हा बोललीस तर या घरात भात मिळणार नाही."

सिमेंट काकाने स्वतःच लिंपलं. अगदी गुळगुळीत.

यीला पाण्याचं नाव मिळालं, रुन. ते बाईंना पहिल्या झटक्यात वाचता आलं. पोरंही खूश.

वसंतात सगळे थडगी झाडायला आले. काकाच्या धाकट्याने माझ्यावर बोट टेकवलं. "रुनताई, इथे काय होतं गं?"

तिने माझ्यावरची माती पुसली. काकाकडे पाहिलं. "काही नाही रे. दगडाला खड्डा होता."

मग आजीने हाक मारली, "रुन!" आणि ती धावत गेली.

मित्रांनो, एखादं नाव वाचता आलं नाही, तर हसू नका. "कसं म्हणायचं?" एवढं विचारा. माझं तर तुम्हाला आता ठाऊकच आहे. एकदा मोठ्याने म्हणा. ती वळून बघणार नाही.

तरी म्हणा.