डोळे चोळायची सुट्टी

चंद्राला शेपूट.

कोटाच्या कोपरावर मुगाच्या दाण्याएवढं भोक.

एक नकाशा. कडेला निळा, मग हिरवा, मध्याच्या जरा खाली लाल ठिपका. गाव नाही, नदी नाही.

सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची पितळी टोपणं, दोन्ही हातांना.

ओली पापणी आणि मुठीचा सांधा यांच्यामधला किचकिच आवाज.

*

नकाशा मोठीच्या उजव्या डोळ्याचा. कोट एका गिऱ्हाइकाचा. दुकान बाबांचं. तिथे बाबा आणि त्यांच्या दोन मुली फाटक्या कपड्यांना रफू करतात. कपड्याच्याच शिवणीतून धागा काढायचा आणि भोकावर एक उभा, एक आडवा असा विणत जायचा. काम झालं की गिऱ्हाईक जागा शोधतं. सापडली नाही की काम चांगलं.

मधूनमधून बाबा सुई गादीत खोचतात आणि म्हणतात, "चोळा." मग तिघंही मुठींनी डोळे चोळतात, पापणीमागे ठिणग्या उडेपर्यंत. डोळ्यांना आराम म्हणून ही सुट्टी आजोबांनी सुरू केली. "आजोबा कापड डोळ्यांनी बघायचेच नाहीत," बाबा गिऱ्हाइकांना सांगतात. "बोटांनी बघायचे. एवढा हात बसला होता."

*

कोट परत आला. "दिसतंय हो," गिऱ्हाईक म्हणालं, तेही बिचारं हळू आवाजात.

मोठीने नसलेल्या धाग्याखालून सुई घातली होती. प्रत्येक धाग्याशेजारी तिला एक फिकट धागा दिसायचा, रात्री चंद्राला शेपूट. तीनदा चष्मा बदलला, फिकट धागा होता तिथेच.

*

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई दमलेल्या होत्या. नकाशा त्यांनीच मशीनवर काढला.

"बुबुळावर काचेसारखा पडदा असतो. तुमचा पातळ झालाय. पातळ झाला की पुढे येतो, शंकूसारखा. म्हणून एकाचे दोन दिसतात."

"कशाने?"

"थोडं घराण्यातून येतं. डोळे चोळता का?"

"आमच्याकडे त्याची सुट्टी असते."

बाई हसल्या नाहीत. "डावा फार पुढे गेलाय, त्याला कडक लेन्स देते. उजवा अजून वाचेल. पिवळे थेंब टाकून त्यावर निळा प्रकाश सोडतो, पडदा घट्ट होतो. आजार आहे तिथे थांबतो, मागे जात नाही. पण चोळलंत, तर सगळं पाण्यात."

म्हणजे उजवा गेला की सुई गेली. दुसरं काही तिला येत नव्हतं.

*

प्रकाश देऊन झाला. काही दिवस डोळ्यात वाळू भरल्यासारखं झालं, मग तेही ओसरलं. मोठी परत कामावर बसली.

डाव्याची लेन्स पडली की तिघं गुडघ्यांवर. कापडाच्या भुग्यात ती शोधायची, धुवायची, परत बसवायची. खाज आली की थेंब. थेंबाने भागलं नाही की थंड पट्टी.

"हे दुकान आहे की दवाखाना?" बाबा विचारायचे. आणि सवयीने, "चोळा."

पहिल्याच दिवशी मोठीचा हात आपोआप वर गेला. धाकटीने तो मधेच धरला आणि एकेका बोटात टोपण घातलं.

"मी काय जादूगार आहे?"

"बस तशीच, ताई. डोळ्याकडे हात नेलास की आधी पितळ दिसेल."

तेव्हापासून सुट्टीत दोघं डोळे चोळायचे आणि मोठी पितळी बोटं मांडीवर ठेवून भिंतीकडे बघायची. खाज नाकाच्या बाजूने सुरू व्हायची, पूर्ण डोळाभर पसरायची आणि कंटाळून जायची. मोठीही कंटाळायची. तिला आता बरं व्हायचं नव्हतं, नुसतं थांबायचं होतं.

*

दुसरा नकाशा काढला. बाबांनी दोन्ही नकाशे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि फाटलेली जागा शोधावी तसं त्यांवरून बोट फिरवलं.

"फरक दिसत नाही."

"तेच हवंय," मोठी म्हणाली. "बाई म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा."

"आम्हाला काय धाड भरलीय?"

मोठीला भांडायचं त्राण नव्हतं. तिने लेन्स काढून डबीत ठेवली. "बाबा, आजोबा बोटांनी का बघायचे?"

"सांगितलंय ना. हात बसला होता."

"कितव्या वर्षी?"

बाबांनी सुई ओवायला घेतली. धागा नेढ्याच्या शेजारून गेला. परत शेजारून गेला. धाकटीने सुई काढून घेतली आणि ओवून दिली.

सुट्टीची वेळ झाली. बाबांनी सुई गादीत खोचली.

"मिटा," ते म्हणाले.

तिघांनी डोळे मिटले. जरा वेळाने मोठीला शेजारून तो किचकिच आवाज आला. डोळे न उघडता तिने टोपणांची वाटी बाबांकडे सरकवली.

आजोबांनी सुई कायमची खाली ठेवली तेव्हा ते पस्तिशीचेही नव्हते.