चोपड्याच्या सांध्यावरची मोटर

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. मोटर म्हटलं की तुम्हांला विहिरीवरची आठवेल, घरघर करणारी. मी तशी नाही. मी काडेपेटीएवढी आहे आणि मी फिरतही नाही. अमळनेरच्या माणकचंद शेठच्या माडीवर प्लायवूडचं मोठं टेबल आहे, त्यावर खेळण्यातली रेल्वे धावते. खेळण्यातली म्हटलेलं शेठना मुळीच खपत नाही, पण तुम्हांला कळावं म्हणून म्हणते. एका रुळाचे दोन रूळ होतात तिथे सांधा असतो. त्या सांध्याखाली मला उलटं टांगलं आहे. वीज आली की मी दांडी ढकलते, टक्! सांधा बदलतो आणि गाडी दुसऱ्या वाटेने जाते.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या डबीवर छापलं होतं. त्या डबीत इथे धुण्याभांड्याला येणारी बेबाबाई आता मिसरी ठेवते. तेव्हा कूळ विचारू नका, काम विचारा.

काम माझं मानाचं. सरळ रूळ सावद्याला जातो, तिथे केळीचे डबे उभे असतात. मी वळवलेला रूळ चोपड्याला जातो. खऱ्या चोपड्याला रेल्वे नाही. पण शेठच्या पत्नीचं, हीराबाईंचं, माहेर चोपड्याचं. त्यांना एसटी लागायची, म्हणून शेठनी टेबलावर थेट गाडी काढली. रोज दुकान बंद करून वर आले की म्हणायचे, "चला, तुमची गाडी लागली!" आणि बटण दाबायचे. हीराबाई "काय हा पोरखेळ" म्हणायच्या, पण गाडी पोचेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. साऱ्या मोटरींत मीच शहाणी, असं मला वाटायचं. वाटणारच की!

गेल्या उन्हाळ्यात शेठना पॅरालिसिसचा झटका आला. हळूहळू ते चालू लागले, पण डाव्या हाताने टेबलाची कड धरावी लागे आणि उजव्या हाताचं बोट बटणावर टेकलं की लवकर उचलत नसे. मला वीज लागते ती क्षणभर. बोट तसंच राहिलं तर पोटातली तार तापते. सावद्याकडच्या सांध्याखालची माझी शेजारीण अशीच जळाली. मग हीराबाई शेजारी उभं राहून शेठचं बोट उचलू लागल्या. "अहो, उचला ना! जळेल ती!" मायेनेच म्हणायच्या. पण बाजारपेठेत ज्याच्या शब्दाला वजन, त्याचं बोट कुणीतरी रोज उचलायचं? शेठ माडीवर यायचेच बंद झाले. टेबलावर जुनी चादर पडली. मला शेठचा राग आला, खोटं कशाला बोलू!

शेवटी हीराबाईंनी कय्युमला बोलावलं. तो केळीच्या मळ्यांत पंपांचे स्टार्टर बसवतो.

"कय्युमभाऊ, यांचा जीव त्या टेबलात आहे. हल्ली जेवतातसुद्धा नावाला. काहीतरी करा."

"त्यात काय, काकी! बोट उचलत नाही ना? मग बोटाचं कामच नको."

त्याने साऱ्या तारा उपसल्या आणि बटणांच्या जागी खालीवर होणारे स्विच बसवले. शेठना वर आणून बसवलं, स्विच पाडला. टक्! सगळे खूश. चहा आला. पण स्विच तसाच पडलेला. पंप एकदा चालू केला की चालू राहिला पाहिजे, हे कय्युमच्या हाडीमाशी भिनलेलं. इकडे मी भाजून निघत होते. झाडू मारणारी बेबाबाई ओरडली, "ओ माय, काहीतरी जळी ऱ्हायनं!" हीराबाईंनी धावत जाऊन प्लग उपटला.

"झालं समाधान?" शेठ म्हणाले. "उचला ते टेबल. भंगारात द्या."

कय्युमने मला हात लावला, चटका बसला तसा मागे घेतला. "शेठ, चुकलो. हिला घोटभर पाहिजे होतं, मी तर पाट सोडला. उद्यापर्यंत थांबा."

दुसऱ्या दिवशी त्याने लग्नातल्या जुन्या लाउडस्पीकरचा कंडेन्सर आणला आणि त्याच्या अलीकडे एक छोटा बल्ब जोडला. स्विच काढून दारावरच्या बेलची मोठी बटणं बसवली. कंडेन्सर म्हणजे विजेचं मडकं. बल्बातून ते हळूहळू भरतं, बटण दाबलं की एकदम माझ्यात रितं होतं. मग बोट राहिलं तरी बल्बातून येते ती नुसती धार, तिने मी जळत नाही.

शेठ बटणाला हात लावेनात. "पुन्हा जळाली तर?"

"मला माहेरी जायचंय," हीराबाई म्हणाल्या. "नेता की नाही?"

शेठनी बटण दाबलं. टक्! बोट तिथेच राहिलं. बल्ब लागला. हीराबाईंचा हात सवयीने पुढे झाला.

"राहू द्या, काकी," कय्युम म्हणाला. "बोट ठेवू द्या. पाहिजे तितका वेळ."

बल्ब जळत राहिला, मी थंडच होते. गाडी चोपड्याला पोचली तरी शेठचं बोट बटणावरच होतं. त्यांचे डोळे भरून आले. "बस तू खुर्चीवर," ते हीराबाईंना म्हणाले. "मी करतो."

मित्रांनो, यंत्रांची धूळ पुसा, त्यांना वेळेवर तेलपाणी करा, हे तर तुम्हांला ठाऊकच आहे. मी एवढंच सांगते. घरात कुणाचं बोट हळू उचलत असेल, तर त्या बोटावर ओरडू नका. आधी तारा बदलून बघा.