चुलीनं गिळलेली कविता

मित्रांनो, पोटात विस्तव आणि पाठीवर धुराडं घेऊन मी चाळीस हिवाळे एकाच शाळेत काढले. मी लोखंडी चूल. चिलीच्या दक्षिणेतल्या एका बंदरात मला ओतलं आणि बैलगाडीत घालून या डोंगरात आणलं. शाळा एका खोलीची. प्रत्येक मुलानं काखेत एक लाकूड आणायचं. जो विसरला, तो दाराजवळ कुडकुडत बसायचा. ओले मोजे माझ्या अंगावर वाळायचे. मुलं माझं कौतुक करायची, मीही फुशारून लाल व्हायचे.

अशाच एका जुलैत, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, रेडिओनं कळवलं, की शुक्रवारी मुलांच्या बर्फावरच्या कविता वाचणार. आमच्याकडं निरोप रेडिओवरूनच जात: कुणाची गाय व्याली, कुणी पीठ न्यायला यावं. वरच्या कुरणातल्या एकट्या झोपड्यांनाही ते ऐकू येत.

तशाच एका झोपडीत आमच्या शाळेतल्या एदेल्मिराचा बाप होता, रोसेंदो. दहा ओळींची गाणी जुळवण्यात त्याचा हात धरणारा खोऱ्यात कुणी नव्हता. पण गेल्या बर्फात दोनशे मेंढ्या गेल्या आणि त्याचं गाणंच थांबलं. त्याला वाचता येत नव्हतं, खिंडही बंद झाली होती. एदेल्मिरानं ठरवलं, रेडिओवरून कविता ऐकवून बाबांना पुन्हा गायला लावायचं.

वही संपली होती, म्हणून तिनं माझ्याजवळच्या जळणाच्या खोक्यातून जुन्या कॅलेंडरचं पान काढलं आणि त्याच्या पाठीवर कविता लिहिली. बर्फ म्हणजे कापूस, बर्फ म्हणजे पीठ. पान दमट होतं, ते वाळायला खोक्यावरच ठेवलं. सकाळी आमच्या शिक्षिका ओतिलियाबाईंनी रद्दी समजून ते माझ्या तोंडात घातलं. मी गिळलं.

"चुलीला तरी आवडली बघ," वर्गातली ग्रिसेल्दा म्हणाली, "एका घासात संपवली."

"तिला काय कळतंय? काल माझा मोजाही खाल्लाय तिनं," एदेल्मिरा म्हणाली. पण डोळे भरले होते.

"चूक माझी गं," बाई म्हणाल्या. "आठवून तशीच लिही."

"नको बाई. ती कुणाचीही वाटली असती. बाबांना कळायला हवं, की ही माझी आहे."

तेवढ्यात रेडिओकेंद्राकडं टपाल नेणारे बेलार्मिनोकाका घोडा बांधून आत आले. झालेलं ऐकून म्हणाले, "ही किटली संपेपर्यंत थांबतो पोरी. पुढं अंधार पडला तर घोडा मलाच शिव्या देईल."

ते येर्बाच्या पानांचा कडू, चहासारखा काढा पीत बसले. बाई गुपचूप किटलीत पाणी ओतत राहिल्या.

"बाई, ही किटली आहे का विहीर?"

"प्या हो काका, थंडी फार आहे."

मीही जळत राहिले. एदेल्मिरा बोटांवर मात्रा मोजत बापाच्या चालीत पुटपुटत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. दहा ओळी झाल्या. शेवटच्या चार अशा:

बर्फ चढला कुंपणी, वाट बुजली खिंडीत,
गाणं गोठलं रे तुझं दोनशे मेंढ्यांसंगत.
फावडं घेतलं मी हाती, ओळ ओळ उपसते,
बाबा, गा तू तिकडून, कान लावून बसते.

काकांनी पाकीट कोटाच्या आत, छातीशी ठेवलं.

शुक्रवारी रेडिओनं ती वाचली. वरून उत्तर यायची सोय नव्हती. ऑगस्ट गेला. एदेल्मिरा रोज लाकूड आणायची आणि खिडकीतून खिंडीकडं बघायची. सप्टेंबरात खिंड मोकळी झाली, तेव्हा रोसेंदो घरी जाण्याआधी शाळेत आला. टोपी काढली, घसा खाकरला आणि दाराशीच उभं राहून त्यानं तिच्या दहा ओळींना दहा ओळींचं उत्तर गाऊन दिलं. आवाज घोगरा झाला होता. दोनदा अडला. दोन्ही वेळा पुढचा शब्द एदेल्मिरानं दिला.

आता शाळेत गॅस आलाय आणि मी पडवीत आहे. माझ्यात कोंबडी अंडी घालते. त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, कुठलाही कागद विस्तवात घालण्याआधी उलटून पाहा. चुलीला वाचता येत नाही, तुम्हाला येतं.